‘ओ’ गटाआडचा ‘बॉम्बे’ रक्तगट : संवर्धित पेशींवरील जनुकाभ्यास आणि आपले कर्तव्य

प्रास्ताविक

रक्तधातूचे महत्त्व आयुर्वेदाच्या अभ्यासकास नव्याने सांगावयास नको. पांडु, रक्तार्श, रक्तप्रदर, प्रसूतीतील अतिरक्तस्राव हे व्याधी आपल्या नित्य व्यवहारातील आहेत. आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यात रक्ताल्पतेचे रुग्ण वैद्याकडे प्रथम येतात आणि त्यांतील काहींना रक्त देण्याची वेळ आली की सांगली-मिरजेस पाठवावे लागते. अशा वेळी रुग्णाच्या हाती बहुधा एक लहानशी चिठ्ठी असते. तिच्यावर रक्तगट लिहिलेला असतो आणि त्या एका अक्षरावर सर्वांचा विश्वास असतो.

ते अक्षर ‘ओ’ असेल, तर ते क्वचित् अपुरे असू शकते. ‘ओ’ म्हणून नोंदलेली व्यक्ती प्रत्यक्षात ‘बॉम्बे’ रक्तगटाची असेल आणि तिला ‘ओ’ गटाचे रक्त दिले गेले, तर ते तिच्या जिवावर बेतते. हा गट मुंबईत सापडला, आपल्या प्रांतात तो जगातील इतर भागांच्या मानाने अधिक आढळतो आणि त्याचे कारण प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवरील प्रयोगांनी निश्चित केले. या तिन्ही बाबींचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार असून, त्यातून वैद्य व औषधालय-चालक यांनी काय घ्यावे हे शेवटी मांडणार आहोत.

मुंबईतील शोध

इ. स. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे व डॉ. एच. एम. भाटिया या मुंबईच्या संशोधकांनी इंग्लंडमधील सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध केले. मुंबईत आढळलेल्या तीन व्यक्तींच्या लाल पेशींवर ‘ए’ नव्हता, ‘बी’ नव्हता आणि ‘ओ’ गटाच्या प्रत्येक माणसात असणारा ‘एच’ नावाचा प्रतिजनही नव्हता. उलट त्यांच्या रक्तद्रवात ‘ए’, ‘बी’ व ‘एच’ या तिन्हींविरुद्ध प्रतिद्रव्ये होती. त्यामुळे ‘ओ’ गटाचे रक्तदेखील त्यांच्या रक्ताशी जुळत नव्हते. शोध लागला त्या नगराचे नाव या गटास मिळाले आणि नगराचे नाव बदलले तरी ते वैद्यकात तसेच राहिले.

१९५५ मध्ये अमेरिकेतील फिलिप लेव्हीन व सहकाऱ्यांनी एका कुटुंबाचा अभ्यास करून दाखविले की, अशा व्यक्तीत ‘बी’चे जनुक असूनही ते प्रकट होत नाही, दुसरेच एक जनुक त्यास अडविते. म्हणजे ‘ए’, ‘बी’, ‘ओ’ ठरविणारे जनुक एक आणि त्याला आधार देणारे जनुक निराळे. ही दोन्ही जनुके निरनिराळ्या गुणसूत्रांवर आहेत हे पुढे निश्चित झाले. पहिले नवव्या गुणसूत्रावर, दुसरे एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५७ मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन केले. आज परळ येथे के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था म्हणून ते कार्यरत आहे. संशयास्पद रक्तगटाचा अंतिम निर्णय करण्याचे हे आपल्या राज्यातील प्रमुख स्थान होय.

‘एच’ प्रतिजनाची रचना

लाल पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाशी गॅलॅक्टोज असते. त्यावर फ्युकोज नावाची शर्करा जोडली गेली की ‘एच’ प्रतिजन तयार होतो. हा सर्वांचा पाया. या पायावर एक विशिष्ट शर्करा चढली की ‘ए’ होतो, दुसरी चढली की ‘बी’ होतो, दोन्ही प्रकारच्या साखळ्या असल्या की ‘एबी’ होतो, आणि काहीच न चढता नुसता पाया राहिला की ‘ओ’ होतो. म्हणून ‘ओ’ गटात ‘एच’ सर्वाधिक असतो.

फ्युकोज जोडण्याचे काम एक विकर करते. त्या विकराचे जनुक ‘फट-१’ या नावाने ओळखले जाते. ते निकामी झाले तर पायाच घातला जात नाही. मग ‘ए’ वा ‘बी’चे जनुक शाबूत असले तरी त्यास शर्करा चढविण्यास जागाच उरत नाही. अशा रक्ताची ‘ए’ व ‘बी’विरोधी द्रवांनी चाचणी केल्यास दोन्हीकडे गुठळी होत नाही आणि चिठ्ठीवर ‘ओ’ लिहिले जाते. ज्याला ‘फट-२’ म्हणतात ते शेजारचे जनुक हेच काम लाळ व इतर स्रावांसाठी करते.

संवर्धित पेशींनी काय सिद्ध केले

रुग्णाच्या जनुकात एखादे अक्षर बदललेले आढळले, एवढ्याने तो बदलच व्याधीचे वा गटाचे कारण आहे असे ठरत नाही. प्रत्येक मनुष्याच्या जनुकांत असे असंख्य निरुपद्रवी बदल असतात. कार्यकारणभाव सिद्ध करावयाचा तर तो बदल एकट्याने काय करतो हे पाहावयास हवे. त्यासाठी शरीराबाहेर, काचपात्रात पोषक द्रवावर वाढविलेल्या पेशींचा उपयोग होतो.

‘फट-१’ जनुकाचा शोधही अशाच पेशींमुळे लागला. १९८९–९० च्या सुमारास अमेरिकेतील जॉन लो व सहकाऱ्यांनी मूळचा ‘एच’ नसलेल्या उंदराच्या पेशी घेतल्या. त्यांत त्यांनी मानवी जनुकद्रव्य सोडले आणि ज्या थोड्या पेशींच्या पृष्ठभागावर ‘एच’ उमटला त्या निवडून काढल्या. त्या पेशींत शिरलेला मानवी तुकडा कोणता हे शोधत जाऊन जनुक हाती आले. त्यापासून ३६५ अमिनो आम्लांचे विकर बनते.

त्याच वर्षी, १९९० मध्ये, फुमिइचिरो यामामोतो व सहकाऱ्यांनी ‘ए’, ‘बी’, ‘ओ’चे जनुक वाचले. ‘ए’ व ‘बी’ यांच्या विकरांत केवळ चार अमिनो आम्लांचा भेद निघाला. ‘ओ’च्या नेहमीच्या प्रकारात जनुकातील एकच अक्षर गळालेले असून, त्यामुळे पुढील सर्व वाचन चुकते. या चार भेदांपैकी कोणता किती महत्त्वाचा, हे त्यांनी हेला पेशींत निरनिराळी मिश्र जनुके घालून तपासले. हेला पेशींवर ‘एच’ असतो, पण ‘ए’ वा ‘बी’ नसतो. त्यामुळे घातलेल्या जनुकाचा परिणाम तेथे स्वच्छ दिसतो.

‘बॉम्बे’ गटासाठी बहुधा आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढविलेल्या ‘कॉस’ पेशी वापरण्यात आल्या. प्रयोगाची मांडणी कोणाही वैद्यास समजेल अशी आहे. एका पात्रातील पेशींत निरोगी व्यक्तीचे जनुक घालावयाचे, दुसऱ्यात ‘बॉम्बे’ व्यक्तीचे आणि तिसऱ्यात जनुकाविना नुसते वाहक द्रव्य. दोन-तीन दिवसांनी तिन्ही पात्रांतील पेशींचा अर्क काढून तो फ्युकोज जोडू शकतो का हे मोजावयाचे, तसेच पेशीपृष्ठावर ‘एच’ उमटला का हे पाहावयाचे. पहिल्या पात्रात क्रिया दिसली आणि दुसरे पात्र तिसऱ्यासारखेच कोरे राहिले, तर तो बदल विकरास निकामी करणारा आहे हे सिद्ध होते.

१९९४ मध्ये लो यांच्या गटाने या रीतीने दाखविले की, एका ‘बॉम्बे’ व्यक्तीत विकराची साखळी ३१६ व्या स्थानी अकाली थांबते. भारतीय व्यक्तींत मात्र बदल वेगळा निघाला. १९९७ मध्ये जपानमधील कोडा व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, भारतीय ‘बॉम्बे’ गटात ‘फट-१’च्या ७२५ व्या स्थानी एक अक्षर बदललेले असते. त्यामुळे विकरातील २४२ व्या जागी ल्युसीनऐवजी अर्जिनीन येते आणि विकराची क्रिया नष्ट होते. शिवाय शेजारचे ‘फट-२’ जनुक संपूर्ण गळालेले असते. म्हणून आपल्याकडील ‘बॉम्बे’ व्यक्तीच्या रक्तात तसेच लाळेतही ‘एच’ सापडत नाही. अनेक असंबंधित कुटुंबांत तोच बदल व तोच लोप एकत्र आढळतात. यावरून हे वाण फार जुन्या काळी एका पूर्वजात उद्भवून पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले असावे, असा तर्क योग्य ठरतो.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानी घ्याव्यात. काचपात्रातील पेशीत जनुकाच्या प्रती भरमसाट शिरतात. त्यामुळे दुर्बळ विकरदेखील तेथे समर्थ भासू शकते. माकडाच्या मूत्रपिंडाची पेशी ही मानवी लाल पेशी नव्हे. म्हणूनच काही व्यक्तींत लाल पेशींवर ‘एच’ अत्यल्प आढळतो पण लाळेत आढळतो. या ‘पॅरा-बॉम्बे’ प्रकारांचा निर्णय रक्त, लाळ व जनुक या तिन्ही साक्षी मिळवूनच करावा लागतो.

अलीकडे याहून जवळचे साधन उपलब्ध झाले आहे. २०१७ मध्ये ब्रिस्टल येथील संशोधकांनी लाल पेशींच्या पूर्वज पेशींचे सतत वाढणारे वाण तयार केले. २०१८ मध्ये त्याच गटाने जनुक-कर्तनाच्या साहाय्याने अशा पेशींतील पाच रक्तगटांची जनुके बंद केली. त्यांत ‘फट-१’ होते, म्हणजे प्रयोगशाळेत ‘बॉम्बे’ पेशी घडविण्यात आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये, दात्याच्या मूळ पेशींपासून वाढविलेल्या लाल पेशी, चमचा-दोन चमचे इतक्या अल्प प्रमाणात, निरोगी स्वयंसेवकांस प्रथमच देण्यात आल्या. दुर्मिळ गटाच्या रुग्णांसाठी ही आशा खरी आहे. परंतु उद्या आपल्या दारी येणाऱ्या रुग्णास तिचा उपयोग नाही. त्याला आजही दुसऱ्या ‘बॉम्बे’ व्यक्तीचेच रक्त लागते.

हुलग्याचे लेक्टिन

रक्तपेढीतील तपासणीत वनस्पतींचे साहाय्य घेतले जाते, ही बाब आपल्या वाचकांस विशेष रुचेल. ‘एच’ ओळखण्यासाठी युलेक्स नावाच्या युरोपीय झुडपाच्या बियांतील लेक्टिन हे प्रथिन वापरतात. ‘ओ’ गटाच्या पेशी त्याने घट्ट गोळा होतात, ‘बॉम्बे’ गटाच्या होत नाहीत. ‘ए’ गटातील ‘ए-१’ हा पोटप्रकार ओळखण्यासाठी तर आपला हुलगाच उपयोगी पडतो. १९५१ मध्ये जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी ‘करंट सायन्स’मध्ये कुलत्थाच्या बियांचा हा गुण प्रसिद्ध केला. माणदेशात ज्याचे माडगे घरोघरी होते, त्याच धान्याचा शुद्ध अर्क आज जगभरच्या रक्तपेढ्यांत असतो. अर्थात हुलगे खाल्ल्याने रक्तगट बदलत नाही, वा रक्तगट पाहून हुलगे वर्ज्य करण्याचेही कारण नाही.

गोत्र निराळे, जनुक एकच

चरकसंहितेच्या शारीरस्थानात ‘अतुल्यगोत्रीय’ हा स्वतंत्र अध्याय आहे, तसेच बीज, बीजभाग व बीजभागावयव यांच्या दुष्टीचा विचारही त्याच स्थानात आला आहे. आधुनिक जनुकशास्त्र तेथे जसेच्या तसे होते असा दावा आम्ही करीत नाही. परंतु जवळच्या नात्यातील विवाह आणि बीजदोष यांचा संबंध विचारात घेण्याची परंपरा आपल्याकडे आहे, एवढे निश्चित.

आपल्या भागात मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रीत अनेक समाजांत रूढ आहे. मामाचे गोत्र वेगळे असल्याने त्यात कोणास दोष वाटत नाही. मात्र गोत्र पित्याकडून चालते, जनुके दोहोंकडून येतात. आते-मामे भावंडांत सरासरी एक-अष्टमांश जनुके समान असतात.

याचा परिणाम गणिताने पाहू. भारतात ‘बॉम्बे’ गटाचे प्रमाण सामान्यतः दहा हजारांत एक असे सांगितले जाते. मुंबईतील एका जुन्या पाहणीत ते सुमारे ७,६०० त एक असे आले होते. दहा हजारांत एक धरल्यास सुमारे पन्नासांत एक माणूस या जनुकाची एक सदोष प्रत वाहत असतो. त्याला स्वतःला काहीही त्रास नसतो. दोन अनोळखी कुटुंबांतील विवाहात अपत्य ‘बॉम्बे’ गटाचे होण्याचा संभव दहा हजारांत एक इतकाच राहतो. आते-मामे भावंडांच्या विवाहात मात्र तो सुमारे चौदाशेंत एक, म्हणजे सातपट होतो. एकट्या या गटासाठी कोणी विवाह मोडावा असे आम्ही सुचविणार नाही. तथापि हेच गणित थॅलसेमियासारख्या गंभीर व्याधींनाही लागू पडते, याचे भान सल्ला देताना असावे.

चिठ्ठीमुळे उद्भवणारे दोन अनर्थ

पहिला अनर्थ रक्त देण्याच्या वेळचा. ‘बॉम्बे’ व्यक्तीतील ‘एच’विरोधी प्रतिद्रव्य शरीराच्या तापमानासही प्रबळ असते. ‘ओ’ रक्त दिल्यास आलेल्या लाल पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात. ज्वर, कंप, कटिशूल, लाल-काळसर मूत्र, रक्तदाब खालावणे व वृक्कघात अशी परंपरा सुरू होते. रक्तपेढीत दात्याच्या पेशी व रुग्णाचा रक्तद्रव यांची जुळणी केली तर हा धोका तेथेच पकडला जातो. घाईत जुळणी वगळून ‘ओ’ रक्त चढविणे हाच काय तो घात.

दुसरा अनर्थ कुटुंबातील. ‘ओ’ पित्यास ‘एबी’ अपत्य होऊ शकत नाही, हे शाळेतही शिकवितात. समजा, पित्याच्या चिठ्ठीवर ‘ओ’ आहे, माता ‘ए’ गटाची आहे आणि बालक ‘एबी’ निघाले. घरात संशयाचे विष कालविण्यास एवढे पुरते. परंतु पिता ‘बॉम्बे’ गटाचा असून त्याच्यात ‘बी’चे जनुक दडलेले असेल, तर तो ते अपत्यास देतो. मातेकडून ‘ए’ आणि ‘एच’चे निर्दोष जनुक येते. पाया मिळताच पित्याचा दडलेला ‘बी’ अपत्यात प्रकट होतो. माता निर्दोष असते, अपुरी असते ती चिठ्ठी. असा प्रश्न घेऊन कोणी आले, तर वैद्याने एका वाक्याचाही निवाडा देऊ नये. प्रथम तिघांचीही तपासणी रक्तपेढीत पुन्हा करवून घ्यावी, कारण नोंदीतील चूक हे सर्वांत सामान्य कारण असते. त्यानंतरही विसंगती राहिल्यास ‘एच’ची तपासणी करवावी.

व्यवहारातील सूचना

१) शिबिरात काचपट्टीवर केलेली चाचणी प्राथमिक समजावी. तीत केवळ पेशी तपासल्या जातात. पूर्ण निर्णयासाठी रक्तद्रवाची उलट चाचणीही हवी. तीत ‘ए’ व ‘बी’बरोबर ‘ओ’ पेशीही वापराव्या लागतात. ‘ओ’ म्हणविणाऱ्या व्यक्तीच्या रक्तद्रवाने ‘ओ’ पेशींचीच गुठळी केली, तर शंका घ्यावी. चार ते सहा महिन्यांखालील अर्भकात उलट चाचणी विश्वसनीय नसते.

२) औषधालय-चालकांनी रक्तगट-द्रव २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच ठेवावेत, मुदत पाहावी आणि शिबिराच्या कार्डावर ‘प्राथमिक चाचणी’ असे शब्द छापावेत.

३) ‘ओ’ गटाच्या गर्भिणीस, क्षारसूत्रादी शस्त्रकर्मापूर्वीच्या रुग्णास व वारंवार रक्तस्राव होणाऱ्यास रक्तपेढीतून एकदा पूर्ण तपासणी करवून घेण्यास सांगावे. संकटाच्या रात्री हे काम होत नाही.

४) एखादी व्यक्ती ‘बॉम्बे’ निघाल्यास तिच्या सख्ख्या भावंडांची तपासणी प्रथम करावी. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक भावंडाचा संभव चारांत एक असतो. खानापूर-आटपाडी भागातील अनेक कुटुंबे सोने-चांदी गलाईच्या व्यवसायानिमित्त देशभर पसरली आहेत. तेव्हा भाऊ दूरच्या प्रांतात असला तरी त्याची नोंद व दूरध्वनी क्रमांक हाताशी असावा. मे २०२४ मध्ये एक दाता शिर्डीहून मोटारीने सुमारे ४४० किलोमीटर प्रवास करून इंदूरला पोहोचला आणि त्याने अशाच एका रुग्ण स्त्रीस रक्त दिले. रक्ताच्या नात्यातील रक्त मात्र किरणोत्सर्गाने संस्कारित करूनच द्यावे लागते, अन्यथा दात्याच्या श्वेतपेशी रुग्णावर उलटण्याचा धोका असतो. हे रक्तपेढीस आवर्जून सांगावे.

५) नियोजित शस्त्रकर्म असल्यास रुग्णाचे स्वतःचेच रक्त आधी काढून ठेवण्याची सोय होऊ शकते. नेहमीच्या साठवणीत ते ३५ दिवसांपर्यंत टिकते. गोठवून ते वर्षानुवर्षे ठेवता येते.

६) रक्त द्यावे लागू नये यासाठीचे काम मुख्यतः आपले आहे. गर्भिणीचे हिमोग्लोबिन पहिल्या तिमाहीतच मोजणे, पांडूची चिकित्सा, कृमी व रक्तार्श यांचा वेळीच उपचार यांमुळे ‘बॉम्बे’ गटाच्या स्त्रीचा जीव प्रसूतीच्या वेळी वाचू शकतो. लोह-मंडूर कल्पांसोबत हिमोग्लोबिनची फेरतपासणी करावी आणि अपेक्षित वाढ न दिसल्यास कारण शोधावे. तीव्र रक्तस्रावात मात्र विलंब न करता रुग्णालयाचा मार्ग धरावा.

७) रक्तगटानुसार आहार वा रक्तगटानुसार औषध या नावाखाली विकल्या जाणाऱ्या गोष्टींस आपल्या दुकानात थारा देऊ नये. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात अशा आहाराच्या लाभास पुरावा आढळला नाही. रक्तगट म्हणजे प्रकृती नव्हे. ‘बॉम्बे’ गटाची माणसे एरवी पूर्णपणे निरोगी आयुष्य जगतात.

उपसंहार

एका जनुकातील एक अक्षर, त्यामुळे बदललेले एक अमिनो आम्ल, न जोडली गेलेली एक शर्करा, इतक्या सूक्ष्म भेदावर एका मनुष्याचे जगणे-मरणे अवलंबून असते. काचपात्रातील पेशींनी हा भेद निःसंशय दाखविला, परंतु त्या ज्ञानाचा लाभ रुग्णास मिळावयाचा तर पहिली शंका गावातच घेतली गेली पाहिजे. आटपाडी, खरसुंडी, दिघंचीच्या वैद्याने ‘ओ’ लिहिलेली चिठ्ठी पाहून एवढेच विचारावे : “ही तपासणी कोठे केली? उलट चाचणी झाली आहे का?” रुग्णपत्रिकेत रक्तगटाच्या रकान्यापुढे या दोन उत्तरांसाठी जागा ठेवावी, अशी आमची सर्व सभासदांस विनंती आहे.